राहुकाळातली आंबील

परवा सकाळी गच्चीवर वाळत घातलेला उशीचा अभ्रा शेजारच्यांच्या कडुलिंबावर जाऊन बसला, तेव्हा कळलं की आडी लागला. कॅलेंडर बघायची गरजच पडत नाही. आपला आषाढ संपत येतो त्या सुमाराला तमिळ लोकांचा हा महिना येतो, आणि चेन्नईत तो वाऱ्यावर बसून येतो. ‘आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो’ असं इथले लोक म्हणतात. पाटा उडालेला मी अजून पाहिला नाही, पण आमच्या अण्णा नगरात एका पुढाऱ्याचा भला थोरला फलक उडून उसाच्या रसाच्या गाडीवर पडलेला पाहिला आहे. पुढाऱ्याचं नाक चरकात अडकलं होतं.

या दिवसांत कोपऱ्यावरच्या अम्मन देवीच्या देवळात पहाटेपासून कर्णा सुरू असतो, दारादारांत कडुलिंबाचे डहाळे लागतात आणि फोन सारखा थरथरत राहतो. साड्यांवर सूट, भांड्यांवर सूट, मिक्सरवर सूट. या महिन्यात कोणी लग्न करत नाही, घर बदलत नाही, दुकान उघडत नाही. नव्या सुना माहेरी पाठवल्या जातात. ज्या महिन्याला नाकं मुरडायची त्याचीच वर्षभर वाट बघायची, हे फक्त चेन्नईकरांना जमतं, कारण उरलेलं सगळं वर्ष साडी घ्यायची ती ‘आडीत घेऊ’ म्हणून लांबणीवर टाकलेली असते.

मला मात्र या वाऱ्याबरोबर ओल्या सुरूच्या लाकडांचा धूर आठवतो. डोळे चुरचुरायला लागतात आणि हसू फुटतं. नवरा विचारतो, काय झालं? वीस वर्षं होत आली, तो अजून विचारतो. मी अजून सांगते.

तो दोन हजारनंतरच्या दशकाचा मधला काळ. नवऱ्याला चेन्नईबाहेरच्या सिरुसेरीला नोकरी मिळाली म्हणून मी साताऱ्याहून इथे आले होते. सिरुसेरीला तेव्हा निम्म्या इमारती आणि निम्मे खड्डे होते. तो उजाडताच कंपनीच्या बसमध्ये बसायचा तो दिवे लागल्यावर परतायचा. साताऱ्यात मी एका दैनिकात तीन-चार वर्षं उमेदवारी केली होती. इथे तमिळचा गंध नाही, हिंदी कोणी बोलत नाही, आणि माझं इंग्रजी असं की रिक्षावाला मलाच दुरुस्त करायचा. अशा वेळी कोणीतरी सांगितलं, टी. नगरात एक राव म्हणून आहेत, जनसंपर्काचं काम करतात, घरी मराठी बोलतात, जाऊन भेट.

बांगड्यांच्या दुकानावरच्या अरुंद जिन्याने वर गेले. पांढरा शर्ट, कपाळावर गंध, साठीचे सुंदरराव. मला बघून म्हणाले, “ये ग, बैस. जेवण जाहलं का?” सकाळचे दहा वाजले होते! आणि ते ‘जाहलं’ ऐकून मी तिथेच खुर्चीत बसले ती पुढे अनेक वर्षं उठले नाही. त्यांचे पूर्वज तंजावरला आले ते मराठी राजांच्या काळात, आणि जी भाषा बरोबर आणली तीच घरात जपली, वर तमिळची फोडणी घालून. “मज ठाव आहे, तुम्हां पुण्याकडच्यांस आमची मराठी ऐकून हसू येतं,” ते म्हणाले. मी म्हटलं, मी साताऱ्याची. “तें सारं एकच की,” म्हणाले. इथे सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले.

आमचं काम काय, तर दुकानांची, शाळांची, दवाखान्यांची बातमी वर्तमानपत्रांत यावी, चांगली यावी, आणि वाईट आलीच तर आपलीही बाजू छापून यावी म्हणून खटपट करायची. मामांचं सगळं शास्त्र प्रेस नोटमध्ये सामावलेलं होतं. “नोट सांडग्यासारखी पाहिजे,” ते सांगत. “वाळलेली, आटोपशीर. तळणारा तळील मग.” ती तमिळ आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत टाइप व्हायची, फोटो पाकिटात जायचे, आणि दुपारी चारनंतर मामा स्वतः कापडी पिशवी खांद्याला लावून माउंट रोडवरच्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या पालथ्या घालायचे. कोणत्या उपसंपादकाची मुलगी कितवीत आहे, कोणाला कॉफीत साखर चालत नाही, सगळं तोंडपाठ. दुसऱ्या दिवशी फूटपट्टी काढून बातमी किती सेंटिमीटर आली ते मोजायचं आणि कात्रण फाइलला लावायचं. मला हे फार आवडायचं. डिंकाचा वास, वर्तमानपत्राची शाई, खालून येणारी बांगड्यांची किणकिण. चार वाजेपर्यंत जगात कितीही उलथापालथ होवो, आमच्या हापिसात घाई नसे.

पण काळ काही आमच्या डिंकासाठी थांबला नव्हता. एके दिवशी एका मोठ्या कचेरीत मामांच्या जुन्या मित्राच्या जागी बसलेल्या तरुण मुलाने मान वर न करता सांगितलं, “सर, मेल करा ना.” मामा परत आले आणि त्यांनी पिशवी खुंटीला लावली. तिकडे चोवीस तास बातम्या देणाऱ्या तमिळ वाहिन्या सुरू झाल्या होत्या. त्यांच्या पोरापोरींना नोट नको असायची, कॅमेऱ्यासमोर बोललेलं वाक्य, म्हणजे ‘बाइट’ हवा असायचा, आणि तोही आत्ता. आम्ही चार वाजता पिशवी खांद्याला लावायचो तोवर बातमी शिळी होऊन तिला वास सुटलेला असे. वरातीमागून घोडं, दुसरं काय! मी हट्टाने हापिसात टीव्ही आणायला लावला. मामांनी त्यावर क्रोशाचं आवरण घातलं.

आमची खूप भांडणं झाली त्या वर्षी. मी म्हणायची, मामा, आता लिहून दिलेलं कोणी वाचत नाही, दाखवावं लागतं. ते म्हणायचे, दाखवलेलं दुसऱ्या दिवशी राहातं का? मी म्हणायची, दुसरा दिवस उरलेलाच नाही. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, दोघांचंही बरोबर होतं, फक्त मी जास्त मोठ्याने बोलत होते. सातारी घसा.

एकेक गिऱ्हाईक गळत होतं आणि उरलेलं एकच मोठं होतं, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडचं अण्णाच्चींचं साड्यांचं दुकान. दक्षिणेकडून आलेल्या व्यापाऱ्याला इथे मानाने अण्णाच्ची म्हणतात. हे तिरुनेलवेलीकडच्या एका खेड्यातून आले होते आणि आता त्यांचं चार मजली दुकान होतं. काउंटरमागे सगळ्या त्याच भागातल्या मुली, एकसारख्या निळ्या साड्या नेसलेल्या, केसांत अबोली. अण्णाच्ची भला माणूस, पण देवभोळा इतका की राहुकाळात शिंकसुद्धा आवरून धरायचा. रोजच्या त्या अशुभ दीड तासात कोणताही व्यवहार नाही, सही नाही, बाहेरच्या माणसाशी शब्द नाही. वर्तमानपत्रांच्या जमान्यात याने कोणाचं काही बिघडत नव्हतं. छापखाना रात्री सुरू व्हायचा, आणि राहू बिचारा दिवसाउजेडी येऊन जायचा.

त्या आडीच्या सुरुवातीला अण्णाच्चींनी आम्हांला बोलावून घेतलं. कॉफी पाजली. मग म्हणाले, “राव, मुंबईची तुमच्याच कामाची एक मोठी कंपनी आली आहे. लॅपटॉप लावून सगळं दाखवलं त्यांनी. या अम्माच्या गावचेच आहेत.” इथल्या माणसांसाठी अख्खा महाराष्ट्र म्हणजे मुंबई. “आडीत मी नवं काही ठरवत नाही. हा महिना तुमचं काम बघतो. आवणी लागली की सांगतो.” आवणी म्हणजे पुढचा महिना. जिना उतरताना मामा कठड्याला धरून उतरले. हे काम गेलं तर बांगड्यांच्या दुकानावरची आमची खोली बंदच करावी लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांचा तो सगळा जन्म होता आणि माझं चेन्नईतलं एकमेव ठिकाण, जिथे कोणी मला ‘जेवण जाहलं का’ विचारत होतं.

आणि मग तो शुक्रवार आला. आडीतला शुक्रवार म्हणजे अम्मनचा दिवस. टी. नगरात तर पाय ठेवायला जागा नसते. मोगऱ्याचे गजरे, घाम, नव्या कापडाची खळ, रिक्षांचे भोंगे, आणि प्रत्येक दुकानातून ओरडणारा एक वेगळा माणूस. साडेदहा वाजून गेले असतील. मी सवयीने टीव्हीवरचं आवरण उचललं आणि माझी पाचावर धारण बसली. पडद्यावर अण्णाच्चींचं दुकान होतं. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून धुराचे लोट निघत होते. खाली पट्टी धावत होती. तमिळ लिपी मी नुकतीच शिकले होते, ओठ हलवत वाचली: साडीच्या दुकानाला आग, मुली अडकल्याची भीती.

“मामा, या मागून!” एवढंच ओरडले आणि धावत सुटले. दुकानातून गिऱ्हाइकं लोंढ्याने बाहेर पडत होती, एक बाई एकच चप्पल घालून पळत होती, रस्त्यावर बघ्यांची भिंत उभी. मी आत घुसले आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले. धूर होता, पण आग कुठेच दिसेना. भाजलं नाही, जळलं नाही, साडीच्या एका घडीलाही डाग नाही. मागच्या जिन्याने उतरून गल्लीत गेले तेव्हा उलगडा झाला. तिथे तीन दगडांच्या चुलींवर मोठमोठाल्या पातेल्यांत नाचणीची आंबील रटरटत होती. आडीत अम्मनच्या नावाने सगळ्यांना आंबील वाटायची ही इथली रीत, आणि अण्णाच्ची दर शुक्रवारी वाटत. आदल्या दिवशीच्या सरीत सुरूची लाकडं भिजली होती, ती धुमसत होती, आणि आडीचा वारा तो सगळा धूर जिन्यात कोंबून तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून बाहेर काढत होता. स्वयंपाकी डोळे पुसत पातेलं ढवळत होता. समोरच्या बाजूला काय रामायण चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. साप साप म्हणून भुई धोपटणं ऐकलं होतं. इथे आंबिलीला आग म्हणून सगळं राज्य बघत होतं.

मी वर अण्णाच्चींच्या खोलीत गेले. ते घड्याळासमोर बसले होते.

“अण्णाच्ची, खाली चला. वाहिनीवाले दारात आलेत. एक वाक्य बोला.”

त्यांनी फक्त मान हलवली आणि घड्याळाकडे बोट केलं. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. मग अगदी हळू म्हणाले, “आत्ता बोललेलं उलटेल, अम्मा. बारा वाजू देत. बारानंतर राव नोट काढतील. देऊ संध्याकाळी सगळ्यांना.”

टेबलावरचे दोन्ही फोन थांबत नव्हते. खेड्याखेड्यांतल्या बूथवरून मुलींचे आईबाप फोन करत होते, आणि बहुतेकांना लाइन मिळतच नव्हती. बाहेर काउंटरमागे मुली रडत होत्या. त्यांना काही झालं नव्हतं. त्या रडत होत्या कारण घरी काय चाललं असेल ते त्यांना दिसत होतं. सेल्वी नावाची एक मुलगी माझा हात धरून म्हणाली, “अक्का, आमच्या वेशीवर चहाच्या दुकानात टीव्ही आहे. माझी आई तिथेच असते या वेळी.”

माझं डोकं फिरलं. मी अण्णाच्चींना माझ्या मोडक्या तमिळमध्ये वाट्टेल ते बोलले. राहूला दीड तास लागतो, टीव्हीला दीड मिनिट पुरतं, असं काहीतरी. त्यांचा चेहरा दगड झाला. काम तर गेलंच, मला वाटलं.

तेवढ्यात मामा धापा टाकत वर आले. खुर्चीत बसले. पाणी मागितलं. ते प्यायले. मी जळफळत बघत होते. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “अण्णाच्ची, आज घरच्या बायका देवळात गेल्या असतील ना? लिंबाचे दिवे लावायला?”

“गेल्या आहेत.”

“कोणत्या वेळी लावतात?”

अण्णाच्चींनी मान वर केली. आडीच्या शुक्रवारी बायका देवीपुढे लिंबाच्या सालीत दिवे लावतात ते नेमके राहुकाळातच. तीच त्या पूजेची वेळ.

“धंद्याचं बोलू नका तुम्ही,” मामा म्हणाले. “आम्हीही प्रेस मीट बोलावत नाही. अम्मनचा प्रसाद तयार आहे, तो घ्यायला चार माणसांना बोलावतो. तिच्या कामाला ही वेळ चांगलीच आहे.”

अण्णाच्ची उठले. त्यांनी धोतर गुडघ्यांवर दुमडलं. हे मी आजही डोळ्यांसमोर आणते आणि मला आनंद होतो. “सेरि,” म्हणाले. ठीक आहे.

पुढचं माझं होतं. माझ्या मोबाइलवर जितके बातमीदार होते त्या सगळ्यांना मी एकच निरोप धाडला: ही आग नाही, चूल आहे, अम्मनची आंबील प्यायला या, कॅमेरा घेऊन या, कुठेही हिंडा. ‘कुठेही हिंडा’ लिहिताना मामांकडे बघितलं. आजवर त्यांनी एकाही कॅमेऱ्याला तळमजल्याच्या पुढे येऊ दिलं नव्हतं. “लिही,” म्हणाले. “दार लावलं की लोकांस वाटतं आंत प्रेत आहे.”

आले सगळे! तारा, दांडके, छत्र्या, पळापळ. मागच्या गल्लीत अण्णाच्ची हातात ओगराळं घेऊन उभे. एका वाहिनीच्या मुलीने माइक पुढे केला, “साहेब, आग कुठे लागली होती?” त्यांनी पातेल्याखाली बोट दाखवलं, “ही बघा. तू आधी आंबील घे, पोरी. सकाळपासून उपाशी दिसतेस.” आणि तिने माइक काखेत धरून घेतली, कांदा-मिरचीसकट, थेट प्रक्षेपणात. ठसका लागला तिला. त्या ठसक्याने जे काम केलं ते आमच्या शंभर नोटांनी केलं नसतं.

पण माझं लक्ष सेल्वीकडे होतं. मी तिला ओढत आणून कॅमेऱ्यासमोर उभी केली. बातमीदार मुलगी म्हणाली, यांची मुलाखत कशाला? मी म्हटलं, मुलाखत नको, हिला फक्त घरी बोलू दे. सेल्वीने पदर सावरला, कॅमेऱ्याच्या काचेकडे बघितलं आणि आपल्या खेड्यातल्या हेल काढणाऱ्या तमिळमध्ये म्हणाली, “अम्मा, मी सेल्वी. मला काही झालेलं नाही. रडू नकोस. घरी जा, बकरी सोडलीस का?”

कोणीतरी हसलं. मग दुसरी मुलगी पुढे आली, मग तिसरी. रांगच लागली. प्रत्येकीने गावाचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आणि मी बरी आहे म्हटलं. एकीला तर बोलवेनाच, ती नुसतीच हात हलवत राहिली. वाहिनीवाल्यांनी कॅमेरा बंद केला नाही. बाकीच्या वाहिन्याही तेच दाखवू लागल्या. टेबलावरचे फोन हळूहळू गप्प झाले. मी जिन्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले, आणि रडता रडता आंबील प्यायले. त्यात धुराचा वास होता. तशी आंबील पुन्हा कधी मिळाली नाही.

दुपारी खालची पट्टी बदलली. संध्याकाळी दुकानात शिरायला रांग लावावी लागली, कारण ‘ती टीव्हीवरची पोर’ बघायला शेजारच्या मांबळमच्या सगळ्या बायका आल्या होत्या आणि टी. नगरात आलेली बाई रिकाम्या हाताने जात नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनीही ओगराळं धरलेल्या अण्णाच्चींचा फोटो छापला. मामांनी फूटपट्टी काढली, कात्रणावर ठेवली, मग उचलून खणात टाकली. “हें कशानं मोजायचं ग?” म्हणाले. मी म्हटलं, मोजू नका, बघा फक्त. आणि त्या दिवसापासून आमच्या हापिसाची रीत बदलली. नोट मामाच लिहीत, सांडग्यासारखी, पण ती नंतर. आधी माणूस पुढे करायचा, दार उघडायचं, आणि विचारण्याआधी सांगायचं.

आता तर सगळंच पालटलं आहे. प्रत्येकाच्या हातात कॅमेरा, प्रत्येक जण बातमीदार. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली फोनवर कसली कसली आलेखचित्रं दाखवतात. मी त्यांना म्हणते, आधी हे सांगा, तुमच्या बातमीची काळजी कोणाच्या घरात आहे? तिथवर पोचलात की उरलेलं जग आपोआप येतं. त्या मान डोलावतात आणि पुन्हा आलेख बघतात. बघू देत. त्यांचाही एखादा शुक्रवार येईल.

त्या वर्षीची आवणी लागली त्या दिवशी अण्णाच्चींचं बोलावणं आलं. मामांनी नवं गंध लावलं होतं, मी कांजीवरम नेसले होते, हरायचंच तर ताठ मानेने हरू म्हणून. खोलीत मुंबईच्या कंपनीचा माणूस आधीच बसलेला, टाय लावून. त्याने मला मराठीत नमस्कार केला. आपल्या भाषेतला तो नमस्कार मला त्या दिवशी फारच कडू लागला.

अण्णाच्चींनी त्याला विचारलं, “त्या शुक्रवारसारखं काही झालं तर तुम्ही काय कराल?”

तो हसून म्हणाला, “सर, आमची स्वतंत्र टीम आहे. तासाभराच्या आत तुमचं निवेदन सगळीकडे पोचतं.”

 अण्णाच्चींनी पान-सुपारीचं तबक उचललं, टेबलाला वळसा घालून आले आणि ते माझ्यासमोर धरलं. मी गोंधळून मामांकडे बघितलं. घ्यायचा मान त्यांचा. मामा एक पाऊल मागे सरले होते.

“तासाभरात,” अण्णाच्ची म्हणाले, “माझ्या पोरींच्या आया मेल्या असत्या, अम्मा. घ्या हे. काम तुमचं.”